मण्याला बांधलेला उत्प्रेरक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



३१ डिसेंबरच्या रात्री फर्ग्युसन रस्त्यावरून किंवा कोरेगाव पार्कातून गाडी चालवत घरी आलेल्यांना वाहतूक पोलिसांच्या हातातलं ते छोटं यंत्र ठाऊक असेल. नळी तोंडात धरायची, जोरात फुंकायचं आणि पडद्यावर आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं तर पुढची रात्र कशी जाते ते सांगायला नको. आज मला मद्यपानावर बोलायचं नाही. मला त्या यंत्राच्या पोटातल्या रसायनशास्त्राविषयी बोलायचं आहे, कारण आजचा विषय त्यात थोडक्यात सामावलेला आहे.

जुनी यंत्रं वेगळी होती. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेल्या यंत्रात काचेची एक कुपी असे. कुपीत पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी-पिवळं आम्लयुक्त द्रावण. श्वासातलं अल्कोहोल त्यात मिसळलं की रंग फिका होत हिरव्याकडे झुकायचा. क्रोमियम आपल्याजवळचा ऑक्सिजन देऊन टाकायचं आणि अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल, व्हायचं. एक माणूस फुंकला की एक कुपी संपली. आजच्या यंत्रात क्रोमियम नाही. एक सच्छिद्र चकती असते, तिच्या दोन्ही बाजूंवर प्लॅटिनमचा अतिसूक्ष्म थर असतो. अल्कोहोल त्या प्लॅटिनमवर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तसंच ॲसेटिक आम्ल होतं, त्यातून जी बारीकशी वीज निर्माण होते ती मोजली जाते आणि प्लॅटिनम जागच्या जागी राहतं. पुढचा गाडीवाला आला की तीच चकती पुन्हा कामाला तयार.

क्रोमियम खर्ची पडतं, प्लॅटिनम पडत नाही. पहिला झाला अभिकारक, दुसरा उत्प्रेरक. हा फरक लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत.

अल्कोहोल म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. रसायनशास्त्रात मात्र अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. कार्बनला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी चिकटलेली असली की झालं अल्कोहोल. आजीच्या बटव्यातला भीमसेनी कापूर आठवा. सुमात्रा-बोर्निओकडच्या झाडातून येणारा हा मूळचा भीमसेनी म्हणजे बोर्निऑल नावाचं अल्कोहोल. आरतीला लावतो तो साधा कापूर त्याचाच भाऊ, फक्त त्याच्यात हायड्रोजनचे दोन अणू कमी. भीमसेनी कापरातून ते दोन अणू काढून घेतले की साधा कापूर मिळतो. या काढून घेण्यालाच ऑक्सिडीकरण म्हणायचं. (बाजारात हल्ली भीमसेनी म्हणून जे मिळतं ते खरोखर काय असतं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

दुसरं उदाहरण आपल्या खानदेशातलं. नंदुरबार, तळोदा, अक्राणी या भागातल्या रोशा गवताचं तेल एके काळी देशाबाहेर जात असे. त्या तेलाला गुलाबासारखा वास येतो तो जिरॅनिऑल नावाच्या अल्कोहोलमुळे. आणि आपल्या परसातला गवती चहा? त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. जिरॅनिऑलमधून हायड्रोजनचे दोन अणू काढले की सिट्राल होतं. रोशा आणि गवती चहा ही एकाच कुळातली दोन गवतं आणि दोघांच्या वासात अंतर हायड्रोजनच्या दोन अणूंचं. औषधं, अत्तरं, जीवनसत्त्वं, कीटकनाशकं बनवणाऱ्या कारखान्यांत हे दोन अणू काढण्याचं काम सतत चाललेलं असतं. कुठे कापरासारखा कीटोन हवा असतो, कुठे सिट्रालसारखा अल्डिहाइड. अल्डिहाइडपाशी नेमकं थांबणं कठीण असतं. जरा जोर जास्त झाला की गाडी आम्लापर्यंत जाते.

आम्ही एम. एस्सी.ला होतो तेव्हा बोर्निऑलपासून कापूर करण्याचं प्रात्यक्षिक असायचं. क्रोमिक आम्ल घालायचं, बर्फात थंड ठेवायचं, ढवळायचं. नारिंगी द्रावणाचं गडद हिरवं झालं की काम फत्ते. कापराचा वास सगळ्या प्रयोगशाळेत दरवळायचा आणि आम्हाला वाटायचं की आपण काहीतरी पवित्र काम केलं. मग उरलेलं हिरवं-नारिंगी पाणी बेसिनमध्ये ओतून, नळ सोडून, आम्ही चहाला जायचो. कोणी अडवलं नाही, कारण अडवणाऱ्यांनीही आपल्या वेळी तेच केलं होतं. ते पाणी पुढे कुठे जातं असं विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, मुठेला. आम्ही विचारलंच नाही. बोटांवर महिनाभर तपकिरी डाग असायचे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा.

त्या हिरव्या पाण्याचा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी मांडला. कागदावरचं गणित असं : १०० किलो कापूर करायला सुमारे ४४ किलो क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि ६४ किलो गंधकाम्ल लागतं, आणि मागे सुमारे ८६ किलो क्रोमियम सल्फेट उरतं. हे अगदी काटेकोर प्रमाण झालं. प्रत्यक्षात रसायनं जादाच घालावी लागतात, त्यात धुण्याचं पाणी आलं, म्हणजे उरणारा माल मूळ मालाहून जड. याच कापरासाठी हवेतला ऑक्सिजन वापरता आला तर साडेदहा किलो ऑक्सिजन पुरतो आणि मागे उरतं बारा किलो पाणी. नुसतं पाणी! कापराच्या मोठ्या कारखान्यांनी क्रोमियम सोडून तांब्यासारख्या धातूवर हायड्रोजन उडवून लावण्याचा मार्ग धरला, त्यामागे हेच गणित आहे. पण जिथे माल शे-दोनशे किलोचा आणि रेणू नाजूक असतो तिथे क्रोमियम पुष्कळ वर्षं टिकून राहिलं. आजही ते सगळीकडून गेलेलं नाही.

क्रोमियमची दोन रूपं असतात. हिरवं त्या मानानं सौम्य. नारिंगी, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. तमिळनाडूत रानीपेट इथे क्रोमेटचा एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि मागे कचऱ्याचा प्रचंड ढीग सोडून गेला. त्या परिसरातलं भूजल पिवळं होण्याच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षं चालू राहिल्या. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. तेव्हा क्रोमियमला पर्याय शोधणं ही प्रयोगशाळेतल्या माणसांची हौस नाही, गरज आहे.

पर्याय म्हणजे उत्प्रेरक. शाळेत आपल्याला उत्प्रेरक शिकवताना लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा देतात. दोन्हीकडची मंडळी एकत्र आणतो आणि स्वतः कोरडा राहतो. उपमा छान आहे, पण तिच्यात पुढची गोष्ट नाही. लग्न झाल्यावर हा मध्यस्थ घराबाहेर जातो का? रुथेनियम, पॅलेडियम, कोबाल्ट यांची संयुगं द्रावणात विरघळवली तर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण सुरेख होतं. मात्र काम झाल्यावर ती त्याच द्रावणात, मालाच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात. औषधात अशी धातू चालत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तोंडानं घेण्याच्या औषधातून दिवसाकाठी जास्तीत जास्त १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियम पोटात गेलेलं चालतं. शिवाय धातू महाग. म्हणजे तो मध्यस्थ शोधून, धुऊन, परत मिळवणं आलं.

मग असं केलं तर? मध्यस्थाला एका मण्याला बांधून ठेवायचं. काम झालं की मणी गाळून घ्यायचे, धुवायचे आणि पुढच्या खेपेला वापरायचे. ही कल्पना ज्या कामातून फोफावली ते काम अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड यांचं. प्रथिनांच्या साखळ्या जोडताना प्रत्येक पायरीला शुद्धीकरण करून ते कंटाळले होते. १९६३ मध्ये त्यांनी साखळीचं एक टोक प्लॅस्टिकच्या मण्याला बांधून टाकलं. नको असलेलं सगळं धुऊन टाकायचं, हवं ते मण्यावर राहतं. या कल्पनेला १९८४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रसायनशास्त्रज्ञांनी मग साखळीच्या जागी अभिकारक बांधून पाहिले, उत्प्रेरक बांधून पाहिले.

हा मणी असतो कसा? आपल्या घरातल्या साबुदाण्याची आठवण ठेवा. पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या थर्माकोलचंच प्लॅस्टिक. त्याच्या कच्च्या मालाचे थेंब पाण्यात जोरात ढवळत ठेवून तापवले की थेंब जागच्या जागी घट्ट होतात आणि गोल मणी तयार होतात, खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक. त्यात डायव्हिनिलबेन्झिन नावाचा एक जोडणारा पदार्थ शेकडा एक-दोन टक्के घालतात. तो लांब साखळ्यांना आडवे टाके घालतो. टाके नसतील तर मणी द्रावकात विरघळून जाईल. टाके फार झाले तर मणी गोटीसारखा टणक राहील आणि आत काही शिरणार नाही. साबुदाणा जितका भिजावा तितकाच भिजला पाहिजे ना? कमी भिजला तर दाताखाली कचकचतो, जास्त भिजला तर खिचडीचा लगदा होतो. तसंच हे. मणी फुगला की त्याच्या आतल्या बोगद्यांतून अल्कोहोलचे रेणू ये-जा करतात आणि आत बांधलेल्या उत्प्रेरकाला भेटतात. अडचण अशी की पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये फुगतं, पाण्यात मुळीच नाही. म्हणजे पाण्यात काम करायचं असेल तर मण्याचा स्वभावच बदलावा लागतो.

या मण्यांचे सख्खे भाऊ तुमच्या सोसायटीत असण्याची शक्यता आहे. बोअरवेलचं जड पाणी मऊ करण्यासाठी टाकीशेजारी जो उभा सिलिंडर असतो, ज्यात वॉचमन मधूनमधून मिठाचं पाणी सोडतो, त्याच्या आत असेच पिवळसर-तपकिरी मणी भरलेले असतात. त्यांना आयन-विनिमय रेझिन म्हणतात. आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी टुल्सियन या नावानं अशी रेझिन्स बनवते. या मण्यांना आम्ल बांधलं की तेच उत्तम उत्प्रेरक होतात. पेट्रोलमध्ये घालायचे ईथर जगभर अशाच आम्लधारी मण्यांवर बनले, आणि मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. मनमोहन शर्मा यांनी या मण्यांच्या उत्प्रेरकपणावर भरीव काम केलं.

तेव्हा आम्ल बांधणं जमलं. ऑक्सिडीकरणाचं काय? १९७६ मध्ये इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात कायनेल्ली आणि सहकाऱ्यांनी अशाच रेझिनला क्रोमिक आम्ल बांधलं. अल्कोहोलात मणी घालायचे, तापवायचे, गाळायचे, की झाला अल्डिहाइड किंवा कीटोन तयार. हाताला डाग नाहीत आणि मालात क्रोमियम जवळजवळ नाही. मणी धुऊन, पुन्हा क्रोमिक आम्लात भिजवून परत वापरता येतात. हे वाचून मी भारावून गेलो होतो. मग एकदा शांतपणे विचार केला. मणी परत वापरता येतात खरे, पण क्रोमियम? ते प्रत्येक खेपेला तितकंच खर्ची पडतं. गाळणं सोपं झालं, ८६ किलोंचा हिशेब तसाच राहिला. ‘पुन्हा वापरता येण्याजोगा’ या शब्दांत ही पहिली फसगत आहे. मणी पुन्हा वापरला की उत्प्रेरक पुन्हा वापरला, असं होत नाही.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. २००१ च्या सुमाराला मी पुणे जिल्ह्यातल्या एका रसायन कंपनीच्या संशोधन विभागात होतो. अत्तरांसाठी लागणारा एक अल्डिहाइड आम्ही करत होतो आणि सांडपाण्याच्या खर्चानं हैराण झालो होतो. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटानं रेझिनला रुथेनियमचं एक संयुग बांधून, नुसत्या ऑक्सिजनच्या मदतीनं अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करून दाखवलं होतं. आम्ही त्या धर्तीवर मणी तयार केले. काळे कुळकुळीत मणी. टोल्युइनमध्ये घातले, ८० अंशांपर्यंत तापवलं, ऑक्सिजन सोडला. तासाभरात काम पूर्ण! गाळलं तर द्रव पाण्यासारखा स्वच्छ. त्या दिवशी आम्ही विभागात पेढे वाटले, आणि ते फार लवकर वाटले.

दुसरी खेप नीट झाली. तिसऱ्या खेपेला झाकण उघडलं तर सुकटीचा वास. रत्नागिरीकडच्या आमच्या एका ऑपरेटरनं नाक वर करून विचारलं, “साहेब, कुणी बोंबील आणलेत का?” आम्ही हसलो. हसण्यासारखं नव्हतं. मण्याला रुथेनियम ज्या दोरीनं बांधलेलं असतं ती दोरी नत्राची, आणि ती उष्णतेनं तुटली की ट्रायमिथिलअमाइन सुटतो. मासळीचा वास त्याचाच. म्हणजे बोंबील नव्हते, आमच्या गाठी सुटत होत्या.

तरीही पाचव्या खेपेपर्यंत माल शेकडा पंच्याण्णव टक्के मिळत होता. साहेब खूश होते. “पाच वेळा वापरला ना? मग लिहा की, पाच वेळा वापरता येतो,” म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. पण पहिली खेप तासाभरात झाली होती आणि पाचवीला रात्रभर लागलं होतं. वेळ वाट्टेल तेवढा दिला तर निम्मा मेलेला उत्प्रेरकही शेवटी काम उरकतोच. परीक्षेचा पेपर तीन तासांत लिहिणारा आणि तोच पेपर घरी नेऊन तीन दिवसांत लिहिणारा, दोघांना सारखेच गुण पडले म्हणून दोघं सारखे ठरतात का?

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी होती. तिनं कोणालाही न विचारता एक साधी चाचणी केली. क्रिया अर्धवट झालेली असताना, द्रव गरम असतानाच, तिनं मणी गाळून काढले आणि नुसता द्रव पुन्हा ऑक्सिजनखाली ठेवला. उत्प्रेरक खरोखर मण्यावरच असेल तर इथे क्रिया थांबायला हवी. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “सर, मणी काढून घेतले तरी रिॲक्शन चालूच आहे.”

म्हणजे काम मणी करत नव्हते. मण्यावरून सुटून द्रवात मिसळलेला थोडासा रुथेनियम करत होता. आमचा मध्यस्थ दोरी तोडून घरात शिरला होता आणि आम्ही बाहेर रिकामी दोरी धरून उभे होतो. थंड झाल्यावर गाळलं असतं तर कदाचित हे कळलंही नसतं, कारण सुटलेली धातू थंड होताना परत मण्यावर जाऊन बसू शकते.

आपलंच काही चुकलं असं वाटून मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तेव्हा कळलं की ही फसगत आमची एकट्याची नव्हती. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या रॉजर शेल्डन यांनी १९९८ मध्येच दाखवून दिलं होतं की घन पदार्थाच्या जाळीत बसवलेलं क्रोमियम ऑक्सिडीकरणाच्या वेळी द्रवात झिरपतं आणि जे श्रेय त्या घन पदार्थाला मिळतं ते प्रत्यक्षात त्या झिरपलेल्या अत्यल्प क्रोमियमचं असतं. त्याआधीच्या कितीतरी कामांवर या एका चाचणीनं प्रश्नचिन्ह लागलं. ऑक्सिडीकरणातच हे इतकं का होतं? कारण उघड आहे. मणी स्वतः कार्बन-हायड्रोजनचा, त्याची दोरीही तशीच, आणि आपण त्याच्या पोटात बसून कार्बनवरचे हायड्रोजन ओढून काढण्याचा उद्योग मांडतो. लाकडी घरात चूल पेटवण्यासारखंच ते. आम्ल बांधलेला मणी म्हणूनच वर्षानुवर्षं टिकतो आणि ऑक्सिडीकरणाचा मणी काही खेपांत थकतो. त्यात ढवळणीचा पंखा मण्यांची भुकटी करतो ती वेगळीच. ती भुकटी गाळणीतून खाली उतरते आणि आपण समजतो, धातू झिरपली.

आमचा तो प्रकल्प बंद झाला. अहवालात मी गरम गाळणीच्या चाचणीचा आकडा लिहिला. साहेबांना तो आवडला नाही, पण त्यांनी खोडलाही नाही.

एवढं ऐकून कोणाला वाटेल की मण्याला बांधण्याची कल्पनाच फसवी आहे. तसं नाही. तिचं एक नामांकित उदाहरण आपल्या पिंपरीतच घडलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिनपासून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन अशी पुढची औषधं करायची तर आधी पेनिसिलिनच्या रेणूची शेपटी कापावी लागते. जुन्या रासायनिक पद्धतीत त्यासाठी उणे ४० अंशांची थंडी, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखं जळजळीत रसायन आणि क्लोरीनयुक्त द्रावक लागायचे. तेच काम पेनिसिलिन ॲसिलेज नावाचं एन्झाइम साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या तापमानाला करतं. हे एन्झाइम मण्यांना बांधून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या तंत्रावर १९८० च्या दशकात पिंपरीत आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या एनसीएलमध्ये, काम झालं. जगभरात आज ही पद्धत रुळलेली आहे आणि एकदा बांधलेलं एन्झाइम शेकडो खेपा चालतं. तिथे जमलं, कारण तिथे आग नव्हती. क्रिया सौम्य, पाण्यातली, आणि मण्याला इजा करणारं त्यात काहीच नाही.

खरं तर अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणातही निसर्गानं हे आधीच केलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व्हिनेगर करण्यासाठी उंच पिंपात बीच झाडाच्या लाकडाचा भुसकट-ढलप्यांचा थर भरत. त्यावर ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू वाढत. वरून मद्यार्काचं पाणी टपकवायचं, खालून हवा. एकच ढलपे वर्षानुवर्षं चालत. आधाराला बांधलेला, पुन्हा वापरायचा, अल्कोहोलचं हवेनं ऑक्सिडीकरण करणारा उत्प्रेरक यापेक्षा वेगळा तो काय असतो?

गेल्या पंचवीस वर्षांत मण्यांच्या बाबतीतही दिशा बदलली आहे. डेल्फ्टच्याच गटानं २००० मध्ये एक मजेदार गोष्ट केली. उन्हात प्लॅस्टिक पिचू नये म्हणून त्यात एक बहुवारिक घालतात, चिमासॉर्ब या नावानं ते बाजारात मिळतं. त्याच्यावर एक साधी प्रक्रिया केली की त्याचाच उत्प्रेरक होतो, आणि कपड्यांना वापरतो त्या ब्लीचच्या मदतीनं तो अल्कोहोलचं अल्डिहाइड किंवा कीटोन करतो. यात धातूच नाही, त्यामुळे झिरपायलाही काही नाही. उत्प्रेरक करणारा भाग बहुवारिकाच्या रचनेतच आहे, वरून बांधलेला नाही. जपानमध्ये उओझुमी यांनी २००३ मध्ये मण्याला पाण्याशी जुळवून घेणाऱ्या साखळ्या लावल्या, त्यात पॅलेडियमचे नॅनोकण बसवले आणि पाण्यातच, साध्या दाबाच्या ऑक्सिजनखाली, ऑक्सिडीकरण करून दाखवलं. टोकियोच्या कोबायाशी यांच्या गटानं २००७ मध्ये सोन्याचे सूक्ष्म पुंजके पॉलिस्टायरीनच्या जाळ्यात कोंडले. दोरीनं बांधण्याऐवजी कोंडून ठेवण्याची ही युक्ती मला जास्त पटते, कारण दोरीच नसेल तर ती तुटणार कशी?

मग आमच्या कुरकुंभ-महाडच्या कारखान्यांत हे मणी का दिसत नाहीत, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एक तर गरम द्रावक आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोटाची भीती, आणि ती भीती वाजवी आहे. पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये टोल्युइनवर ऑक्सिजन सोडायला कोणता प्लँट मॅनेजर धजेल? दुसरं, औषध कंपनीला पद्धत बदलायची तर मंजुरीची सगळी कागदपत्रं नव्यानं करावी लागतात. त्यापेक्षा सांडपाण्याचा खर्च सोसणं सोपं वाटतं. यातली पहिली अडचण मला सुटण्यासारखी दिसते. मोठं पातेलं घेण्याऐवजी मणी एका अरुंद नळीत ठासायचे आणि अल्कोहोल व हवा त्यातून सतत वाहती ठेवायची. कोणत्याही क्षणी नळीत असतो जेमतेम पेलाभर माल, म्हणजे स्फोटाचा धोका कमी. ढवळणी नाही, म्हणजे भुकटी नाही. आणि नळीतून बाहेर पडणारा द्रव सतत तपासता येतो, म्हणजे धातू झिरपू लागली तर पहिल्या तासात कळतं, पाचव्या खेपेची वाट पाहावी लागत नाही. अशा वाहत्या रसायनशास्त्राचं काम एनसीएलमध्ये डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या गटानं केलं आहे. त्यांना २०२० सालचं भटनागर पारितोषिक मिळालं तेव्हा मला आमची ती काळी मण्यांची बरणी आठवली.

वेळ संपत आली. ऐकणाऱ्यांत रसायनशास्त्राचे शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. कापराचं प्रात्यक्षिक क्रोमिक आम्लाशिवाय होतं. बोर्निऑल ॲसेटिक आम्लात विरघळवायचं, बर्फात ठेवून त्यात ताजं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, थेंबथेंब सोडायचं. खिडक्या उघड्या आणि धुराड्याचा पंखा चालू हवा, कारण क्लोरीनचा वास येतो, आणि घरच्या स्वयंपाकघरात हा उद्योग मुळीच करायचा नाही. जादा ब्लीच शेवटी सोडियम बायसल्फाइटनं मारायचं. मागे उरतं ते मुख्यतः मिठाचं पाणी. कापराचा वास मात्र तसाच येतो, आमच्या वेळी यायचा तसा, सगळ्या प्रयोगशाळेभर.